कोजागरी ते त्रिपुरी

दसऱ्याच्या सकाळी आपल्या घरात पाटी धुतली जाते. कोळशाने घासून ती काळीभोर होते, उन्हात वाळते, आणि मग एक या अंकाच्या रांगा मांडता मांडता तिच्यावर सरस्वती उभी राहते. हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूचे फूल ठेवले जाते, आपट्याची दोन पाने कोपऱ्यात विसावतात. ज्या घरातले मूल वर्षभर कागदावर लिहिते, किंवा आता पडद्यावर बोट फिरवून शिकते, त्या घरातही या एका सकाळी माळ्यावरची पाटी खाली येतेच. पूजा झाल्यावर दिवसभर अभ्यासाला हात लावायचा नसतो. वाडवडिलांनी हा नियम का केला असेल, हे आपण कधी विचारले नाही. पण धुतलेली पाटी एक दिवस तशीच राहू द्यावी, तिच्यावर पुढे काय लिहायचे याचा विचार करायला घराला थोडी उसंत मिळावी, एवढे तरी त्यात असावे.

वैनगंगेकाठच्या पवनीत त्याच सकाळी आणखी पूजा होत असतात. धानाच्या बांध्यांकडे जाणारा विळा पुसून देवापुढे ठेवला जातो. जिथे अजून हातमाग आहे तिथे मागाला हार पडतो. आणि पांढऱ्या वस्त्रातली घरेच्या घरे नागपूरच्या दीक्षाभूमीची वाट धरतात. १९५६ साली १४ ऑक्टोबरच्या अशोक विजयादशमीला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखो माणसांना दिली. अक्षरांचे पूजन, अवजारांचे पूजन आणि स्वतःचा मार्ग स्वतः निवडलेल्या माणसांचे स्मरण, ही तिन्ही आपल्याकडे एकाच तिथीला येतात. शिक्षणाचा विचार करायला याहून चांगला दिवस आपल्या पंचांगात शोधून सापडायचा नाही.

दसऱ्यानंतर पाचव्या रात्री कोजागरी. तिथून कार्तिकस्नान सुरू होते ते त्रिपुरी पौर्णिमेला नदीत दिवे सोडेपर्यंत. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतचा हा महिना पवनीच्या वर्षातला सगळ्यांत भरलेला महिना असतो. पाऊस गेलेला असतो, नदी निवळत असते, हलका धान कापणीला आलेला आणि भारी धान पिवळा पडू लागलेला असतो, गावोगावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, तारखा ठरत असतात. अडीच हजार वर्षांपूर्वीपासून भिक्खूंचा वर्षावासही आश्विन पौर्णिमेलाच संपत आला आहे. पावसाचे तीन महिने एका जागी राहिलेला भिक्खू या दिवशी पवारणा करतो, म्हणजे आपल्या हातून काही चुकले असेल तर सांगा अशी सोबत्यांना विनंती करतो, आणि पुन्हा चारिकेला निघतो. पवनीच्या टेकड्यांवरून एके काळी असेच कितीतरी पाय या पौर्णिमेनंतर बाहेर पडले असतील.

हे सारे मनात येण्याचे कारण एक लहानसा प्रश्न आहे. आपल्यातली काही घरे आता मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवू लागली आहेत. मोठ्या शहरांत ती थोडीफार दिसतात, पवनीसारख्या तालुक्याच्या गावी विरळाच. पण २०२०च्या मार्चपासून पुढे आपल्यातले प्रत्येक घर सक्तीने शाळा झाले होते, हे आपण इतक्यात विसरलेलो नसू. त्या दिवसांत ज्यांना ज्यांना मुलांजवळ बसावे लागले, त्या सर्वांना कळले की गणित आणि भाषा कशीबशी पार पडते. अडते ते त्याच्या पुढे. आज वेगळे काय शिकवू? घरी शिकणाऱ्या मुलाच्या आईबापापुढे हा प्रश्न दर महिन्याला येतो. एक महिना नेहमीचे विषय बाजूला ठेवून नवलाचे विषय घ्यावेत असे त्यांच्या मनात येते, आणि मग शोध सुरू होतो. ग्रहताऱ्यांचा संच मागवला जातो, कागदाच्या जपानी घड्या शिकवणारी चित्रफीत सापडते, यंत्रमानवाचे सुटे भाग दारात येतात. यात काही वाईट नाही. पण पवनीत राहून नवल दूरवरून मागवायचे, हे आम्हाला पटत नाही.

त्याआधी एक अवघड गोष्ट आपण आपल्याशीच बोलून घेतली पाहिजे. घरी शिकणे आपल्याला नवे नाही. शाळा आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून या भागातली सगळी विद्या घरातच होती. कोष्ट्याचा मुलगा बापाच्या मांडीशी बसून धोटा टाकायला शिके, ढिवराचा मुलगा डोंग्यावर, कोहळ्याचा मुलगा तलावाच्या पाळीवर. ती विद्या खोल होती, आणि तिला भिंतीही होत्या. ज्या घरात जन्म, त्याच घराची विद्या. दुसऱ्या घराची चौकट ओलांडायची नाही. अक्षर तर मोजक्या घरांचेच होते. ज्यांना ते मिळू दिले नाही, त्यांनी शाळेचे दार उघडून घेण्यासाठी पिढ्या खर्ची घातल्या. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उभे राहिले आणि हरले, पण त्यांनी दिलेला शिकण्याचा मंत्र या जिल्ह्याने हरवू दिला नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९चा कायदा आपल्यापर्यंत आला तो या लांबच्या वाटेने. म्हणून मुलाला घरी शिकवायचे ठरवणाऱ्या घरावर एक ऋण आहे. मुलाला शाळेच्या भिंतीतून काढून आपल्या घराच्या भिंतीत ठेवले, तर आपण पुढे गेलो नाही, शंभर वर्षे मागे गेलो.

आम्हाला वाटते, घरी शिकणाऱ्या मुलाची शाळा दुसऱ्यांच्या घरात असली पाहिजे. तारा मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तीही हाताच्या कामातून बुद्धीकडे जाणारी होती. हे दोन्ही प्रयोग मराठी मातीत झाले, आणि वर्धा तर आपल्याला नागपूरइतकेच ओळखीचे. त्यांच्याकडून आपण एवढे जरी घेतले की विद्या जिथे राबते तिथे मुलाने जायचे, तरी एका महिन्याची योजना आपोआप उभी राहते.

सुरुवात जगन्नाथ टेकडीपासून करावी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी मिळून पवनीत उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली जे बाहेर आले, त्याने विदर्भाचा इतिहास मागे सरकला. ज्याची तुलना सांचीच्या स्तूपाशी होते असा विटांचा भव्य स्तूप इथे होता. त्याच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे कोरलेली मिळाली. पाच फण्यांचा मुचलिंद नाग मिळाला, आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत त्याचे नाव. पावसात बसलेल्या बुद्धावर फणा धरणारा हा नाग ज्या गावात कोरला गेला, त्या गावात पाऊस कसा पडत असेल हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. ते प्रत्येक जुलैत पाहते.

इथे नवलाचा विषय म्हणून ब्राह्मी घ्यावी. मोठ्यांना ती पंडितांची लिपी वाटते, पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला ती खेळासारखी येते. गणितातले अधिकचे चिन्ह काढले की क झाला. पूर्ण वर्तुळ काढले की ठ. आडव्या रेघेवर एक उभी काडी रोवली की न, आणि वर्तुळाच्या डोक्यावर काडी ठेवली की व. प म्हणजे खाली वळलेला आकडा, ज्याची एक बाजू उंच. दोन दिवसांत मूल आपल्या गावाचे नाव त्या अक्षरांत लिहू शकते. मग त्याला सांगावे की दोन हजार वर्षांपूर्वी याच गावातल्या कुणा बाईने आपले नाव याच अक्षरांत दगडावर कोरून घेतले होते. धुतलेल्या पाटीवर सरस्वतीच्या शेजारी जेव्हा ब्राह्मीतले पवनी उमटेल, तेव्हा इतिहास हा विषय त्या घरात पुन्हा कंटाळवाणा होणार नाही. पुढे परकोटाची तटबंदी पावलांनी मोजता येईल, खंदकाची खोली अजमावता येईल, रूपिअम्मा या क्षत्रपाचा स्मृतिस्तंभ पवनीत का उभा राहिला असेल यावर तर्क लढवता येतील. त्यातले काही तर्क चुकतील. मूल चुकू द्यावे, संशोधकांचेही चुकतात.

टेकडीवरून उतरले की मागाकडे जावे. पवनीचे रेशीमकाठी कापड एके काळी दूरवर नावाजलेले होते. आज माग कमी झाले आहेत, ही दुखरी गोष्ट आहे आणि ती मुलापासून लपवू नये. पण जिथे कोशाचे कापड अजून विणले जाते, तिथे करवतकाठी कशी उतरते ते तासभर शांत बसून पाहावे. काठाच्या आतल्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. काठाचा रंग आणि अंगाचा रंग एकमेकांत मिसळू न देता धाग्यांनी धाग्यांना आकडे घालत तीन धोट्यांनी ती विणली जाते. ताण्याचे किती धागे, दर किती धाग्यांनी दाता एक पायरी पुढे सरकतो, किती ओळींनी मागे फिरतो, हे विणकराच्या बोटांना पाठ असते. चौकटीच्या वहीत तोच दाता मुलाने रंगवून पाहावा. पाढे, गुणक, प्रमाण, सममिती, सगळे त्या एका दात्यात आहे, आणि ते लक्षात राहते, कारण समोरचा माणूस चुकला तर त्याची दिवसभराची मेहनत उसवावी लागते. कोशापर्यंत मागे जायचे असेल तर रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर जावे लागेल. टसरच्या अळ्या तिथे वाढतात, आणि त्या वाढवण्याचे काम या जिल्ह्यात पूर्वापार ढिवर करत आले. म्हणजे पाण्यावरची जात झाडावरचे रेशीम पिकवी आणि कोष्टी ते विणी. दोन घरांच्या मधला हा धागा पुस्तकात क्वचितच सापडतो.

त्याच पंधरवड्यात बांध्यांमध्ये कापणी चालू होते. कडपा उन्हात पसरलेल्या असतात, भारे बांधले जातात, खळ्यावर चुरणे सुरू होते. इथे मुलाला दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट सांगायलाच हवी. पवनीहून फार दूर नसलेल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा शेतकरी जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेला. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. हजारो लोंब्यांत दोन-तीन वेगळ्या दिसायला नजर किती तयार हवी! त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपल्या, पुढच्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांनी त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ उभा राहिला, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले, एचएमटी. देशभरच्या ताटांत तो गेला. दादाजींना त्याचे मोल त्या मानाने फार थोडे मिळाले, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले. शेतीशास्त्राचा हा धडा मुलाला बांधीच्या धुऱ्यावर उभे राहूनच द्यावा. एक हात लांब, एक हात रुंद तुकडा आखून घ्यावा, त्यातल्या लोंब्या मोजाव्यात, एकेका लोंबीतले दाणे मोजावेत, पोचट वेगळे काढावेत, आणि सगळ्यांत वेगळी लोंबी कोणती ते शोधावे. काही सापडणार नाही, बहुतेक वेळा. पण तिसरी शिकलेल्या माणसाने ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेचा एक तास तरी मुलाच्या वाट्याला येईल. चिन्नोर तांदळाचा वास, लुचईची चव, हे विषय मग स्वयंपाकघरात पुरे करता येतील.

पाण्याचा विषय आपल्या जिल्ह्यात टाळताच येत नाही. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर जे माजी मालगुजारी झाले आणि लोकांच्या तोंडी नुसते मामा तलाव उरले, ते मापाच्या यंत्रांशिवाय बांधलेले आहेत. उतार कुठे, पाळ कुठे, जास्तीचे पाणी कुठून सांडू द्यायचे, हे त्या माणसांनी जमीन चालून ठरवले. मुलाने एका तलावाची पाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावी आणि परत येऊन नकाशा काढावा. पाणी सोडण्याची सोय, जिला जुनी माणसे तुडूम म्हणतात, ती कुठे आहे ते विचारून घ्यावे. मग गोसीखुर्दला जावे. २२ एप्रिल १९८८ला ज्याची पायाभरणी झाली ते धरण आपल्याच तालुक्यात आहे. त्याचे तेहतीस दरवाजे पाहून कोणत्याही मुलाचे डोळे विस्फारतील. पण धरण तेवढ्यानेच समजत नाही. बुडालेल्या गावातून उठून पुनर्वसनात आलेल्या एखाद्या आजोबांजवळ बसावे आणि त्यांच्या जुन्या गावाचा नकाशा त्यांच्या तोंडून ऐकत काढावा. पार कुठे होता, विहीर कुठे होती, शाळा कुठल्या अंगाला होती. तलावाचा नकाशा मुलाने चालून काढला, हा ऐकून काढायचा. पाणी देते आणि पाणी घेते, हे २०२०च्या ऑगस्टअखेरच्या महापुरात आपण सर्वांनी पाहिले आहे. भूगोलाच्या तासाला त्या आजोबांच्या गप्प राहण्यालाही जागा असावी.

दिवाळी झाली की मंडई. दंडारीचे ढोल दुरून ऐकू येऊ लागतात, वडसा भागातून नाटकांचे फलक लागतात. त्यात वेगळी योजना करण्याची गरज नाही. मुलाला न्यावे आणि जागू द्यावे. फक्त एक वही जवळ असावी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द गोळा करण्यात आयुष्य घातले, तसे आपल्या आजीचे पन्नास शब्द मुलाने महिनाभरात गोळा करावेत. डोळ्याला डोरा म्हणणारी आजी चुकत नाही, तिच्या बोलीत ळ नाही म्हणून र आहे, आणि बोलीला स्वतःचे नियम असतात, हे एकदा कळले की ते मूल कुणाच्या बोलण्याला हसणार नाही. व्याकरणाकडून याहून अधिक काय मागायचे?

उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचे जंगल उशाशी आहे. २०१३ साली नागझिऱ्याहून चालत आलेला आणि २०१६ साली दिसेनासा झालेला जय वाघ मुलांना आजही ठाऊक असतो. एखादी सफर जरूर करावी. पण जंगलाला लागून शेत असलेल्या माणसाची रात्र कशी जाते, हेही त्याच दिवशी विचारावे.

या सगळ्यात एक पथ्य पाळायला हवे. मागावर, बांधीत, डोंग्यावर काम करणाऱ्या माणसाचा वेळ म्हणजे त्याची मजुरी असते. आपले मूल शिकते आहे म्हणून त्याने हात थांबवून दाखवावे, ही अपेक्षा आपण करू नये. तो मोकळा असेल तेव्हा जावे, मुलाच्या हाताने काही काम होत असेल तर करू द्यावे, शिकवल्याचे मोल द्यावे, आणि मुलाने त्यांना काका, मावशी, आजोबा म्हणताना त्यामागे गुरूचा मान असावा. ज्या हातांना आपण पिढ्यानपिढ्या अडाणी म्हटले, त्या हातांपुढे आपल्या मुलाने वही उघडून बसणे, हे दसऱ्याला अवजार पुजण्याइतकेच पवित्र आहे असे आम्ही मानतो.

आणि महिना भरून टाकू नये. चार-सहा दिवस असे असावेत की ज्यांच्यापुढे वहीत काहीच लिहिलेले नाही. त्या दिवशी मूल वैजेश्वर घाटावर बसेल, नदीत खडे टाकेल, काहीतरी अर्धवट बांधेल. नवे प्रश्न बहुधा अशाच दिवशी येतात, आणि ते ऐकायला घरातले कुणीतरी जवळ असावे. परीक्षा म्हणून फार काही नको. ज्या कुटुंबांना प्रमाणपत्राची चिंता आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे, ती वाट वेळेवर धरता येते. या महिन्यापुरते मुलाने रोज रात्री एवढेच लिहावे की आज काय पाहिले, कुणाला विचारले आणि काय कळले नाही. तिसरा रकाना कोरा राहू लागला तर समजावे की आपली योजना फसते आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हे वाचून पान उलटू नये. २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, तेही स्थानिक कारागिरांजवळ शिकण्यासाठी. ते दहा दिवस चित्रे रंगवण्यात संपवायचे की पाळीवर, मागावर आणि टेकडीवर न्यायचे, हे पालकांच्या आग्रहावरही ठरेल. शिक्षक एकटे किती करतील?

आज पाटी धुतली आहे. कोजागरीला अजून पाच रात्री आहेत, आणि घरी शिकणाऱ्या मुलांच्या घरांना योजना आखायला तेवढ्या पुरतात. बाकीच्या आपणा सर्वांना एकच विनंती. या महिन्यात कुणाचे मूल वही घेऊन आपल्या दारात उभे राहिले, तर ते कुणाचे, कुठल्या मोहल्ल्यातले, हे विचारत बसू नये. त्याला आत घ्यावे, बसायला पाट द्यावा, आणि आपण जे काम रोज करतो ते त्याच्यासमोर थोडे सावकाश करावे.